टीमचा चेहरा

“कट! अगं, गोलात मार ना!” दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला.

मी गोलातच मारला होता. निदान माझ्या मनात तरी तसं होतं. पण ती काळी रबरी चकती, जिला आइस हॉकीत पक म्हणतात, ती गोलच्या खांबापासून बरीच लांबून घसरत गेली आणि तळ्याच्या काठावरच्या बर्फाच्या ढिगात रुतून बसली. गोलरक्षक हाजिरा जागची हललीसुद्धा नाही. जाळीच्या मुखवट्याआड ती हसत होती, ते मला इकडे ऐकू येत होतं.

लेहच्या बाहेरचं ते गोठलेलं तळं. ऊन पडलेलं होतं, पण त्या उन्हाला ऊब नव्हती. कॅमेरावाला बॅटऱ्या जॅकेटच्या आत, अंगाशी धरून बसला होता, नाहीतर त्या थंडीनं लगेच मान टाकायच्या. आणि मी, रसिका तावरे, राहणार पुणे, मुंबईहून आलेल्या त्या सगळ्या मंडळींसमोर पुन्हा पुन्हा गोल चुकवत होते.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा महिलांचा भारतीय संघ म्हणून आम्ही पहिल्यांदाच परदेशी खेळायला निघालो होतो. दुधात घालायची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीनं आम्हाला तिकिटं आणि सगळं सामान द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात त्यांना टीव्हीसाठी एक जाहिरात हवी होती. संघातल्या सगळ्या मुली लडाखच्या. बाहेरची मी एकटी. पुण्यात मी चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळत वाढले. मग हट्टानं बर्फावरच्या निवड चाचणीला गेले आणि सगळ्यात शेवटी का होईना, निवडली गेले. पास मी बरा द्यायचे. पण बर्फावर वेग घेतला की थांबायचं कसं हेच मला सुचायचं नाही. माझी जागा राखीव खेळाडूंच्या बाकावर होती आणि ती योग्यच होती. तरी जाहिरातीसाठी निवडलं होतं मला.

“हे काही जमत नाही,” दिग्दर्शक वैतागून म्हणाला. “कॅप्टनला बोलवा. हिचा शर्ट तिला घालायला द्या, तिचा हिला.”

कॅप्टन म्हणजे कुनझेस यांगडोल. एरवी ती प्राथमिक शाळेत शिकवायची. तिनं माझा, पाठीवर ‘तावरे’ लिहिलेला शर्ट अंगात चढवला, हेल्मेटची जाळी खाली ओढली आणि निघाली. तिला बर्फावर बघणं म्हणजे काय, हे सांगायला मला कधीच नीट जमलेलं नाही. ती पळते आहे असं वाटायचंच नाही. तळंच तिच्या पायाखालून मागं ओढलं जातंय असं वाटायचं. हाजिरा डावीकडे झुकली आणि पक उजवीकडून जाळ्यात. मुंबईच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“झकास! तिथंच थांब. आता क्लोजअप. तावरे, इकडे ये. कॅप्टन, हेल्मेट हिला दे.”

हेल्मेट आतून अजून गरम होतं. मी ते घातलं. दिग्दर्शक सांगत होता, “आता धापा टाक. हेल्मेट काढ, केस झटक, कॅमेऱ्यात बघ आणि म्हण, ‘बर्फावरही धावते भारताची लेक!’”

मी हेल्मेट काढलं, केस झटकले, कॅमेऱ्यात बघितलं. ओळ तोंडातून बाहेर येईना. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, माझाच शर्ट घालून, कुनझेस कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“सर,” मी विचारलं, “गोल हिनं केला. हेल्मेट हिनंच का नाही काढायचं?”

दिग्दर्शकानं हुपरीकरांकडे बघितलं.

हुपरीकर हे त्या कंपनीचे माणूस. पन्नाशीचे, कानटोपी घालून वावरणारे. लेहला उतरल्या दिवशीच त्यांना विरळ हवेचा त्रास झाला होता. डोकं धरून बसले होते, उलट्या होत होत्या. तेव्हा कुनझेसच्या घरच्यांनी त्यांना घरी नेऊन झोपवलं होतं. मी त्याच घरात मुक्कामाला होते. जरा बरं वाटल्यावर माझं आडनाव ऐकून ते उठूनच बसले. “तावरे? बारामतीकडच्या का? झालं, इथंही आपलं माणूस भेटलं!” मग मी त्यांना सर म्हणायचं नाही, काका म्हणायचं, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

त्यांनी मला बाजूला घेतलं.

“काय झालं गं? थंडी वाजतेय का?”

“काका, मी या टीममध्ये बाकावर बसते. मग जाहिरातीत तोंड माझं कशाला?”

आसपास ऐकायला कुणी नव्हतं, तरी त्यांनी आधी मागं वळून बघितलं. “तुला म्हणून सांगतो. आम्ही पहिल्यांदा सगळ्या टीमचा फोटो मुंबईला पाठवला होता. मोठ्या साहेबांनी काय विचारलं माहितेय? म्हणाले, परदेशी टीमला आपण कशाला मदत करतोय?”

“मग तुम्ही सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! ते म्हणाले, मला तुम्ही सांगितलंत, टीव्ही बघणाऱ्याला कोण सांगणार? जाहिरात असते तीस सेकंदांची. बघता क्षणी कळलं पाहिजे, ही आपली मुलगी. तुझं तोंड बघितलं की कळतं.”

“आणि त्यांचं बघून कळत नाही.”

“मी नाही म्हणत तसं. लोक म्हणतात.”

“कुठले लोक, काका?”

“वाद घालू नकोस, पोरी.” त्यांचा आवाज पडला. “मला काय बरं वाटतं का? पण यात सगळ्यांचंच भलं आहे. त्यांना सामान मिळतंय, विमानानं जायला मिळतंय. एक ओळ म्हणायची आहे तुला फक्त.”

“मी नाही म्हणणार. माझा चेहरा वापरू नका.”

“विचार करून बोल.”

“केला.”

हुपरीकरांनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. “उद्या दुपारपर्यंत कॅमेरा इथं आहे,” ते म्हणाले. “तोवर सांग.”

तळ्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली होती. तिथं आम्ही कपडे बदलायचो. मधोमध बुखारी, म्हणजे लाकडं घालून पेटवायची लोखंडी शेगडी. सगळ्याजणी तिच्याभोवती बसल्या होत्या. मी आत गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. आमचं आपसातलं बोलणं हिंदीत चालायचं. मी शेवटी म्हटलं, “मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय.” आता कुणीतरी पाठीवर थाप मारेल अशी माझी कल्पना होती.

कुनझेसनं माझा शर्ट काढला, घडी घातली आणि बाकावर ठेवला.

“कुणाला विचारून नाही म्हणालीस?”

“अगं, तुझ्यासाठीच तर...”

“माझ्यासाठी?” तिनं एक पाय माझ्यासमोर केला. “हे बूट बघ. फौजेतल्या कुणा जवानानं टाकून दिलेले. पुढं मोजे कोंबते तेव्हा माझा पाय यात बसतो. हाजिरा क्रिकेटची पॅडं बांधून गोलात उभी राहते. तिकडे तसं कुणी उभं राहू देणार आहे का? आणि तुझ्या पायात काय आहे?”

माझ्या पायात नवेकोरे, मापाचे स्केट्स होते. बाबांनी घेऊन दिलेले. मी पाय बाकाखाली ओढले.

“तुला नाही म्हणणं परवडतं,” ती म्हणाली. “नाही म्हणून तू चांगली ठरलीस. घरी बसणार आम्ही.”

“पण तुला राग नाही येत? खेळायचं तू आणि...”

“तो माझा राग आहे. त्याचं काय करायचं ते मी बघीन.”

शेवटी हाजिराच म्हणाली, “दोघी जरा गप्प बसा आणि बुखारीत लाकूड घाला. पाय गोठलेत माझे.”

संध्याकाळी आम्ही साबूला परतलो. कुनझेसचं गाव ते, लेहपासून जवळच. रोज त्या वाटेनं आम्ही गप्पा मारत जायचो. त्या दिवशी ती पुढं आणि मी मागं. शेजारचा ओढा गोठला होता, त्यामुळे त्याचाही आवाज नव्हता.

तिच्या घरचं स्वयंपाकघर म्हणजे घरातली सगळ्यात मोठी आणि उबदार खोली. भिंतीवर लखलखीत घासलेली पितळी भांडी, कडेनं जमिनीवर गालिचे, त्यांच्यापुढं ठेंगणी टेबलं. तिची आई चुलीवर थुक्पा, म्हणजे शेवयांचं दाट सूप, ढवळत होती. आम्ही सगळे तिला आमा-ले म्हणायचो. आमच्या दोघींची तोंडं बघून तिनं डाव खाली ठेवला आणि मला कळावं म्हणून मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “काय झालं?”

कुनझेसनं सांगितलं. आधी थोडं हिंदीत, मग राहवेना म्हणून लडाखीत. आमा-ले सगळं नीट ऐकून घेत होती. मग ती मला म्हणाली, “म्हणजे टीव्हीवर तोंड तुझं दिसणार. आणि पळणार ही.”

“हो, आमा-ले.”

“मग मी शेजारणीला काय सांगू? बाई, ते पाय आहेत ना, ते आमच्या मुलीचे?”

क्षणभर कुणालाच कळेना, हसावं की नाही. मग कुनझेस फसकन हसली. इतकी हसली की डोळे पुसायला लागली. पुसता पुसता हसणं थांबलं आणि डोळे मात्र तसेच ओले राहिले.

आमा-लेनं दोघींच्या हातात वाडगे दिले. कुनझेसनं दोन घास खाल्ले आणि वाडग्यातच बघत बोलायला लागली.

“चंदीगडला कॉलेजात गेले ना, तर पहिल्याच दिवशी मला परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत उभं केलं. मी म्हटलं, मी लडाखची. तो क्लार्क म्हणाला, हो, पण देश कुठला? मैत्रिणीची आई विचारायची, तुम्ही नक्की खाता तरी काय? रस्त्यावर पोरं काय काय ओरडायची, ते आमा-लेसमोर सांगत नाही. सुरुवातीला मी वहीत नकाशा काढून दाखवायचे. हे श्रीनगर, हे आम्ही. मग कंटाळले. रिक्षावाल्यानं ‘चायना?’ विचारलं की म्हणायचे, हो, चायना.”

“आणि टीमबरोबर असताना?”

“तू यायच्या आधी दिल्लीत शिबिर होतं. लॉजवाल्यानं सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. आम्ही आधार कार्डं दाखवली. तो म्हणाला, असली कार्डं हल्ली कुणीही बनवतं. सामान घेऊन रस्त्यावर बसलो होतो, कोच येऊन भांडेपर्यंत.” तिनं वाडगा खाली ठेवला. “मला हा खेळ का आवडतो, माहितेय? जाळी खाली ओढली की कुणी काही विचारत नाही. पक कुठं आहे तेवढंच बघतात.”

“हे तू टीममध्ये कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? सगळ्यांना माहीतच आहे. माहीत नव्हतं ते एकट्या तुला.”

आमा-लेनं चहा ओतला. मग कुनझेस म्हणाली, “उद्या त्या सरांशी मी बोलते. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

“नाही बोलणार.”

“आणि हे तू नाही म्हणालीस म्हणून नाही. त्यांनी आम्हाला कधी काही विचारलंच नाही, म्हणून.”

सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी तिनं सगळ्यांना पत्र्याच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. माझ्यासमोर तिथं पहिल्यांदाच त्या गोष्टीवर बोलणं झालं. सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. एकीला दिल्लीच्या बाजारात लोकांनी गराडा घातला होता. हाजिरानं सांगितलं, तिला तर दोनदा समजवावं लागतं, एकदा चेहऱ्यासाठी आणि एकदा नावासाठी. पण सगळ्यांचं म्हणणं एक नव्हतं. नुब्रा खोऱ्यातून आलेली स्पालझेस, संघातली सगळ्यात धाकटी, ती उखडून म्हणाली, “मला बूट हवेत. तोंड कुणाचं का असेना! माझ्या पायांना जखमा झाल्यात.”

“बूट मलाही हवेत,” कुनझेस म्हणाली. “पण मागून तर बघू. नाही म्हणायचं असेल तर त्यांना आपल्या सगळ्यांकडे बघून म्हणू दे.”

मग हुपरीकरांना बोलावलं. ते आले आणि बुखारीजवळच्या बाकावर अवघडून बसले. आपल्याला कशासाठी बोलावलंय याचा अंदाज त्यांना आला असावा.

“सर, तुम्ही मूळ कुठले?” कुनझेसनं विचारलं.

“मी? इचलकरंजीचा.”

“ते कुठं आहे?”

“कोल्हापूरजवळ. महाराष्ट्रात.”

“मी कधी नाव ऐकलं नव्हतं. आमा-लेनं तर महाराष्ट्रही बघितलेला नाही. पण तुम्ही आजारी पडून आमच्या घरी आलात, तेव्हा तिनं तुम्हाला विचारलं का, तुम्ही आमच्यातले का म्हणून?”

“नाही,” हुपरीकर म्हणाले. “तिनं मला लसणाचं सूप दिलं.”

“मग आम्हाला तेवढंच हवं आहे. तुम्हाला आमचं गाव माहीत नसेल तर नसू दे. पण माहीत नाही म्हणून आम्हाला पुसून टाकू नका. आम्ही खेळतो, ते आम्हीच खेळतोय असं दिसू दे.”

हुपरीकर हातातली कानटोपी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, “मी मुंबईत नवीन होतो तेव्हा माझ्या बोलण्याला ऑफिसात हसायचे. मी फोन घेतला की दोघं-तिघं जमायचे ऐकायला. फार लागायचं मला ते.” त्यांनी कानटोपी डोक्यावर चढवली. “पण मला परक्या देशातला असं कुणी म्हटलं नाही कधी. तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.”

ते उठले. “फोन करतो मुंबईला.”

फोनला रेंज समोरच्या टेकाडावरच यायची. खिडकीतून आम्हाला ते दिसत होते. एक हात कानाशी, दुसरा हवेत. मध्येच ते आमच्याकडे बोट दाखवायचे, जणू पलीकडच्या माणसाला आम्ही दिसतच होतो. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“नाही म्हणाले.”

स्पालझेस बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

“थांब गं,” हुपरीकर म्हणाले. “ते बघितल्याशिवाय नाही म्हणालेत. बघितल्यावर काय म्हणतात ते बघू की. कॅमेरा दुपारपर्यंत माझ्या ताब्यात आहे.”

“आणि बघूनही नाही म्हणाले तर?” हाजिरानं विचारलं.

“तर बूट नाहीत, तिकिटंही नाहीत. मी खोटी आशा नाही लावणार. तुम्हाला नको असेल तर काल ठरलं होतं तसं करू. रसिकाला मी विनंती करीन. काय ते तुम्ही ठरवा.”

सगळ्यांनी कुनझेसकडे बघितलं. कुनझेसनं स्पालझेसकडे बघितलं. “तू सांग. पाय तुझे सोलले आहेत.”

स्पालझेसनं बराच विचार केला. मग हुपरीकरांना विचारलं, “सर, मी दिसणार का त्यात?”

“तू तर पहिली दिसणार!”

“मग करू या,” ती म्हणाली आणि नाड्या परत बांधायला लागली.

मला अजून ती सकाळ डोळ्यांपुढं दिसते. दिग्दर्शक आधी कुरकुरला, मग गप्प झाला. कोपऱ्यातून पास मी द्यायचा असं कुनझेसनं ठरवलं आणि माझा तो पास अगदी तिच्या काठीवर गेला. तिनं पुढची चाल केली. हाजिरानं खरोखरच अडवायचा प्रयत्न केला, मुद्दाम सोडला नाही, हे ती आजही शपथेवर सांगते. पक जाळ्यात गेला. कुनझेस वळली, कॅमेऱ्यासमोर येऊन थांबली आणि तिनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले, गाल लालभडक, नाक वाहत होतं.

“लाईन!” दिग्दर्शक पुटपुटला.

तिनं कॅमेऱ्यात बघितलं. ती ओळ काही तिनं म्हटली नाही.

“मी कुनझेस यांगडोल. गाव साबू. तुमच्याच देशात आहे. या कधीतरी खेळ बघायला.”

आणि तिनं हातमोज्यानं नाक पुसलं. ‘कट’ म्हणायचं दिग्दर्शकाच्या लक्षातच आलं नाही. मग एकेक जण पुढं येऊन नाव आणि गाव सांगून गेली. स्पालझेसनं आपलं नाव दोनदा सांगितलं. शेवटी मी म्हटलं, “रसिका तावरे, पुणे.”

निघण्याआधी हुपरीकरांनी वर्तमानपत्रं अंथरली आणि प्रत्येकीला त्यावर पाय ठेवायला लावून, गुडघ्यावर बसून, पेन्सिलीनं पावलाची बाह्यरेषा काढून घेतली. “काही खरं नाही,” ते सारखं म्हणत होते, “पण माप असलेलं बरं.”

त्यानंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. आम्ही जुन्या बुटांवर सराव करत राहिलो. बर्फ दुपारचा नरम पडायला लागला, सराव पहाटेकडे सरकला. मग एक दिवस माझा फोन वाजला.

“रसिका, साहेबांनी बघितलं!” हुपरीकर ओरडून बोलत होते. “दोनदा बघितलं. मग म्हणाले, ते नाक पुसलेलं तेवढं काढून टाका. मी म्हटलं, काढतो की! म्हणजे बघ ना, बाकीचं सगळं राहिलं!”

नाक पुसलेलंही शेवटी राहिलंच. ते त्यांच्याकडून कसं राहिलं, हे मी कधी विचारलं नाही. जाहिरात फार गाजली वगैरे असं काही नाही. बातम्यांच्या मध्ये काही आठवडे दिसली आणि बंद झाली. पण खोकी आली. खोक्यांतून बूट निघाले आणि ते प्रत्येकीच्या पायाला बसले. हाजिरानं गोलरक्षकाची खरीखुरी पॅडं बांधली आणि दिवसभर उतरवलीच नाहीत. जेवलीसुद्धा ती बांधूनच.

स्पर्धा मलेशियात होती, काचेनं वेढलेल्या रिंकमध्ये, म्हणजे यंत्रानं गोठवलेल्या बर्फाच्या मैदानावर. आम्ही ती जिंकलो नाही, पहिले सामने तर चांगलेच आपटलो. शेवटचा सामना यजमान संघाशी होता. त्यांच्या संघात दोघी-तिघी तमिळ घरांतल्या मुली होत्या. सावळ्या, लांब वेण्यांच्या. त्यांच्यातल्या देवकीशी माझी चांगली गट्टी जमली होती.

सामन्याआधीच्या सरावाला दोन्ही संघ हेल्मेटं न चढवता, साध्या शर्टांत उतरले, त्यावर देशाचं नाव नसतं. तेवढ्यात प्रेक्षागृहात वीस-पंचवीस माणसं तिरंगे घेऊन शिरली. शहरातल्या भारतीय हॉटेलांत काम करणारी मंडळी असावीत, काहींच्या अंगावर अजून स्वयंपाकघराचे कोट होते. कुणाकडून तरी कळलं असणार, भारताची टीम आली आहे. त्यांनी दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि सरळ जाऊन देवकीच्या संघामागं बसली. देवकी जवळून गेली की झेंडे हलायचे. “इंडिया! इंडिया!”

देवकी बिचारी गोंधळून हात हलवत होती. आमच्या मुली थबकल्या. स्पालझेसचा चेहरा उतरला. मी कुनझेसकडे बघितलं. इतकी वर्षं लोकांना समजावून ती कंटाळलेली होती, हे मला माहीत होतं. मला वाटलं, आता ती पाठ फिरवेल.

ती तशीच सुसाट पलीकडे गेली, त्या लोकांसमोरच्या काचेशी जाऊन थांबली आणि काचेवर काठी आपटली. मी तिच्या मागोमाग गेले. पहिल्या रांगेत स्वयंपाकघराचा कोट घातलेला एक मिशीवाला माणूस होता. तो दचकून पुढं वाकला.

“भैया,” कुनझेस ओरडून हिंदीत म्हणाली, “चुकीच्या बाजूला बसलात की!”

तो बघतच राहिला. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग पलीकडे आमच्या मुलींकडे.

“म्हणजे... आपल्या मुली तुम्ही?”

“आम्हीच!”

मागून देवकी हसत हसत आली आणि मला इंग्रजीत म्हणाली, “घेऊन जा तुमची माणसं. मला मात्र मजा येत होती.”

त्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, तो आता ओशाळून खाली बसेल. पण तो वळला आणि सगळ्या रांगांकडे बघून गरजला, “अरे उठा! उठा सगळे! आपल्या पोरी तिकडं आहेत!”

आणि ती सगळी माणसं उठली. झेंडे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या कडेवरचं मूल, सगळं घेऊन, खुर्च्यांना धडकत, एकमेकांना घाई करत, त्या रिंकला अर्धा वळसा घालून ती आमच्या बाजूला यायला निघाली. कुनझेस काचेच्या अलीकडून त्यांच्या बरोबरीनं बर्फावर चालली होती, रस्ता दाखवत.